एम-पेसा : किसुमूत पाच महिने वापरल्यावर

आम्ही तिघी नगरच्या मंडळीकडून (म्हणजे चर्चकडून) केनियाला गेलो होतो, किसुमूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर. तिथल्या मंडळीत बायकांचा शिवणवर्ग चालतो त्याला मदत करायला, पाच महिने. परत आल्यापासून पुढच्या टीमच्या मुली सारख्या विचारतात की काय न्यायचं, जेवणाचं काय, भाषा कशी. ते सगळं सांगेन पण आधी एम-पेसाबद्दल, म्हणजे फोनवरून पैसे द्यायच्या-घ्यायच्या तिकडच्या सोयीबद्दल लिहिते कारण माझ्या मते तिथे रुळायला सगळ्यात जास्त मदत याचीच झाली.

पहिले दहा दिवस आमच्याकडे ते नव्हतं. डॉलर होते, बदललेले थोडे शिलिंग (केनियाचे पैसे) होते पण मोठ्या नोटा, आणि भाजीवालीकडे 1000 ची नोट दिली की सुट्टे नसायचे. मग प्रत्येक वेळी तिथल्या मंडळीच्या पाळकबाईच फोन काढून पैसे द्यायच्या. मोटरसायकलचे, दुधाचे, फोनच्या रिचार्जचे, सगळ्याचे. त्या हसून द्यायच्या हो, पण त्यांच्या घरातली चार मुलं आणि त्यांचा पगार मला दिसत होता आणि रात्री प्रार्थनेला बसलं की तेच मनात यायचं. सेवा करायला आलो आणि यांच्यावरच भार झालो.

मग सफारीकॉम या तिकडच्या मोबाईल कंपनीचं सिम घेतलं. ओरिजिनल पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. सिमबरोबरच एम-पेसा सुरू करून देतात, चार आकडी पिन आपण टाकायचा, झालं. बँक खातं लागत नाही हे लक्षात ठेवा, आपल्या यूपीआयसारखं बँकेला जोडलेलं नसतं, पैसे त्या नंबरवरच राहतात. कोपऱ्याकोपऱ्यावर हिरव्या रंगाच्या टपऱ्या असतात, तिथल्या एजंटला रोख द्यायची, तो आपल्या नंबरवर भरतो, भरायला काही चार्ज नाही. इंटरनेट पण लागत नाही, *334# डायल केलं तरी चालतं. शिवणवर्गातल्या निम्म्या बायकांकडे बटणाचे साधे फोन होते आणि सगळ्या त्यावरच व्यवहार करायच्या. हे 2007 पासून चालू आहे तिकडे, आपल्याकडे यूपीआय 2016 ला आलं. म्हणजे खेड्यातल्या आजीला पण हे नवीन वाटत नाही.

पेसा म्हणजे पैसाच. स्वाहिलीत असे शब्द खूप सापडतात, दुका म्हणजे दुकान, साबुनी म्हणजे साबण, हेसाबू म्हणजे हिशोब, चपाती तर चपातीच. आणि पाळकाला म्हणतात म्चुंगाजी, म्हणजे गुरं-मेंढरं राखणारा, अगदी आपल्या पाळकासारखंच. हे कळलं तेव्हा मला खूप जवळचं वाटलं.

दुकानात भिंतीवर टिल नंबर (दुकानाचा पैसे घ्यायचा नंबर) लिहिलेला असतो, 'लिपा ना एम-पेसा' म्हणून, तो टाकायचा, रक्कम, पिन, आणि समोरच्याचं नाव दिसतं ते वाचून मगच ओके. भाजीवालीला तिकडे मामा म्बोगा म्हणतात, मामा म्हणजे आई. आमच्या गल्लीतली मामा सुकुमा विकी बारीक चिरून द्यायची, ही पालेभाजी, नावाचा अर्थच आठवडा ढकलणं, आपण दिवस ढकलणं म्हणतो ना तसं. ज्या दिवशी मी एकटी गेले, सुकुमा, टोमॅटो आणि थोडी ओमेना घेतली (आपल्या सुकटासारखी सरोवरातली बारीक वाळलेली मासळी) आणि 180 शिलिंग स्वतः पाठवले, त्या दिवशी तिने पहिल्यांदा माझं नाव विचारलं. तोपर्यंत मी पाळकबाईंची पाहुणी होते. दुसऱ्या दिवसापासून लांबूनच हाक मारायला लागली.

लाईटचं पण यावरच. मीटर प्रीपेड असतं, पैसे भरले की मेसेजमध्ये 20 आकडी टोकन येतं, ते मीटरवर टाईप करायचं. बोडाबोडावाल्यांना, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्यांना, पण यावरूनच (गाड्या बऱ्याचशा आपल्या पुण्याच्या बजाजच्या, बघून बरं वाटायचं). आणि रविवारी दान! थैली फिरते पण फळ्यावर पेबिल नंबर (मंडळीचा पैसे घ्यायचा नंबर) पण लिहिलेला असतो, अकाउंटच्या जागी सादाका म्हणजे दान किंवा फुंगू ला कुमी म्हणजे दशांश असं टाकायचं. सुरुवातीला उपासनेत फोन हातात बघून मला खटकलं होतं. पण शेजारी बसलेल्या बाईने 20 शिलिंग पाठवले आणि फोन ओंजळीत धरून डोळे मिटून प्रार्थना केली, त्यानंतर नाही खटकलं.

आता काळजीच्या गोष्टी. पैसे पाठवायला 100 शिलिंगपर्यंत फुकट, वर चार्ज लागतो, आणि रोख काढायला तर बऱ्यापैकी लागतो, म्हणून उगाच थोडे थोडे काढू नका (1 शिलिंग साधारण 65-70 पैसे धरा). काढताना एजंट पासपोर्ट बघतो, वहीत लिहून सही घेतो. पिन तो विचारत नाही, कोणी विचारला तर निघून या. महिनाअखेरीला एका टपरीवर दोनदा 'फ्लोट नाही' (एजंटकडे व्यवहाराला पैसे शिल्लक नाहीत) म्हणून परत पाठवलं, म्हणून दोन-तीन एजंट ओळखीचे ठेवा. एकदा माझे 1500 शिलिंग चुकीच्या नंबरला गेले, दोऱ्याच्या रिळांचे होते, घाईत शेवटचे आकडे उलटे झाले आणि मी नाव वाचलंच नाही. खूप रडले कारण ते मंडळीचे पैसे होते. शिवणवर्गातल्या मुलीने सांगितलं की तो मेसेज लगेच 456 ला फॉरवर्ड कर, समोरच्याने खर्च केले नसतील तर परत येतात. दुसऱ्या दिवशी आले. तेव्हापासून नाव मोठ्याने वाचते. आणि 'चुकून तुम्हाला पैसे आले, परत करा' असे फोन येतात, आमच्यातल्या एकीला आला होता, पैसे आल्याचा खरा मेसेज फक्त एमपेसा या नावाने येतो, साध्या नंबरवरून आला तर खोटा, आधी बॅलन्स बघा.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा चार्जसाठी कमी. महिनाभरासाठी जाणार असाल तरी पोचल्या पोचल्या घ्या, माझ्यासारखे दहा दिवस घालवू नका, यजमान कितीही नको म्हणाले तरी.

निघताना नंबरवर 640 शिलिंग उरले होते. शिवणवर्गाच्या मीटरचं टोकन घेतलं त्याचं, आकडे पाळकबाईंनी वाचले आणि मी दाबले.