कानाला मुका फोन आणि १९१५ नंबरची हेल्पलाइन

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. 'तक्रार पुस्तक द्या' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की तक्रार करणाऱ्या माणसाबद्दलच मनात अढी बसली होती. यंदा पहिल्यांदा मी पुस्तक मागणाऱ्याच्या जागी उभा राहिलो. त्यावरून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनबद्दल, म्हणजे १९१५ या नंबरबद्दल, चार शब्द लिहितोय.

सौ.साठी ऑनलाइन फोन मागवला, १३,९९९ रुपयांचा. दिसायला देखणा, फोटो छान यायचे, पण कानाला लावला की पलीकडचं अक्षर ऐकू येत नव्हतं. स्पीकरवर टाकला की खणखणीत. मेहुणीचा फोन आला की तिचं तिच्या सासूबद्दलचं मत आमच्या जिन्यापर्यंत पोचायचं. दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी 'अहो, हा परत करून टाका' असा हुकूम सुटला.

परत करायला बसलो तर ॲपमध्ये फोनसाठी 'रिटर्न'चं बटणच नाही. 'सात दिवसांत रिप्लेसमेंट' एवढंच, आणि तेही त्यांचं तपासणीचं ॲप फोनमध्ये घालून फोन नापास झाला तरच. आमचा फोन पहिल्या वर्गात पास! ते ॲप खालचा मोठा स्पीकर वाजवून बघत होतं, कानाशी असलेल्या इअरपीसला कोणी विचारतच नव्हतं. मग म्हणाले, टेक्निशियन पाठवतो. पाचव्या दिवशी मी सकाळपासून गॅलरीत बसून. संध्याकाळी मेसेज आला, 'ग्राहक उपलब्ध नव्हता, भेट रद्द.' थांब्यावर प्रवासीच नव्हते, ही थाप मी नोकरीत स्वतः मारलेली आहे, त्यामुळे लगेच ओळखली.

आठव्या दिवशी चॅटवर उत्तर आलं, 'रिटर्न विंडो बंद झाली आहे, कृपया सर्व्हिस सेंटरला भेट द्या.' कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बदलून दुसरी घेतली तरी हेच वाक्य येईल असं वाटतं.

साताऱ्याला सर्व्हिस सेंटरात गेलो. तिथल्या पोराने पाच मिनिटांत सांगितलं, इअरपीस पहिल्यापासूनच गेलेला आहे. 'काका, वॉरंटीत आहे, उघडून बदलून देतो.' मी म्हटलं, नको. आठ दिवसांचा फोन उघडायचा कशाला? त्यापेक्षा तू हे लिहून दे. त्याने जॉब शीटवर दोष, तारीख आणि आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लिहिला, वर शिक्का मारला. पुढचं सगळं या एका कागदावर चाललं. फोन परत करायचा असेल आणि दुरुस्ती नको असेल, तर सर्व्हिस सेंटरमधून फक्त दोषाचा कागद घ्या, स्क्रू ड्रायव्हर लावू देऊ नका.

घरी येऊन १९१५ ला फोन लावला. सकाळी आठ ते रात्री आठ ही लाइन चालू असते, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. सतरा भाषांची सोय आहे, मी मराठी निवडली. पलीकडच्या मुलीला मी आवाज चढवून फसवणूक, लूट वगैरे सांगायला लागलो. तिने शांतपणे विचारलं, 'काका, बिलाची तारीख सांगता का?' मग ऑर्डर नंबर, किंमत, विक्रेत्याचं नाव. मला वाटत होतं विक्रेता म्हणजे ते ॲप. बिल नीट वाचलं तर विकणारी भलतीच कंपनी, परराज्यातली. 'आम्ही फक्त मंच आहोत' असं चॅटवर का म्हणत होते ते तेव्हा कळलं.

तिने सांगितलेल्या दोन गोष्टी मी मग स्वतः नियमांत शोधून वाचल्या, सवय आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. साइटच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, ते नाव होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा ठरल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

मग सात दिवसांचं काय? इथे मला खरी मौज सापडली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. मी बिल उलटंपालटं करून पाहिलं. सात दिवस हा शब्द ॲपच्या पानावर होता, बिलावर कुठेच नव्हता! एकतीस वर्षं वे-बिलातला, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदातला, आकडा न् आकडा जुळवलेल्या माणसाला याहून मोठा आनंद काय असणार.

तक्रार अधिकाऱ्याला आणि विक्रेत्याला मेल केला. त्यात लूट, फसवणूक हे शब्द काढून टाकले. तारखा, आयएमईआय, जॉब शीटचा फोटो आणि शेवटी एकच मागणी: पैसे परत. हेल्पलाइनच्या पोर्टलवर तेच कागद चढवले. फोनवर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळालेला होता, त्यावर तक्रार कुठवर आली ते दिसतं. ज्यांना बोलायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप नंबरही आहे, ८८००००१९१५.

चौथ्या दिवशी कंपनीचा फोन. या वेळी माणूस बोलत होता, यंत्र नाही. आधी ५०० रुपयांचं कूपन देऊ केलं. मी म्हटलं, कूपन कानाला लावून ऐकू येईल का? मग बदली फोन. मग, दोन दिवसांनी, रिफंड मंजूर.

फोन न्यायला आलेल्या मुलाने आयएमईआय खोक्यावरच्या नंबराशी जुळवून पाहिला (स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की स्क्रीनवर दिसतो). खोकं शोधताना घर डोक्यावर घेतलं, कारण सौ.ने त्यात ब्लाउजची बटणं आणि हुक भरून ठेवले होते. ती बटणं ताटलीत ओतली, सिम काढलं, अकाउंट काढून फोन रिसेट केला आणि पोच घेतल्याशिवाय फोन हातातून सोडला नाही. फोन नेल्यापासून सहाव्या दिवशी खात्यात १३,९९९.

आता हेल्पलाइनबद्दल सरळ मत. हे न्यायालय नव्हे. ती कंपनीला हुकूम सोडू शकत नाही, तक्रार पोचवते आणि मिटवायला लावायचा प्रयत्न करते. ज्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत त्यांच्याकडे तक्रार थेट जाते. कंपनी ढिम्म राहिली तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षं. माझ्यावर ती वेळ आली नाही, त्यामुळे त्या वाटेचा अनुभव सांगत नाही.

आमच्या शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरनी हे ऐकून लगेच स्वतःचा फोन पुढे केला, 'माझाही परत करून द्या.' दोष काय? तर रंग आवडला नाही. त्यांना सांगितलं, मन बदललं म्हणून माल परत करायचा हक्क आपल्याकडच्या कायद्यात नाही, ती त्या त्या साइटची मर्जी. ते अजून माझ्यावर नाराज आहेत.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो हेल्पलाइनच्या हातात दंडुका नाही म्हणून. त्या मुलीच्या बोलण्याला मात्र पाचही.

सौ.ने नवा फोन गावातल्या दुकानातून, काउंटरवरच बहिणीला फोन लावून, कानाला धरून ऐकून मगच घेतला. तेव्हापासून मेहुणीच्या सासूचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही.