लाळ्या-खुरकूतचं कवच अभ्यासायचं तर स्फटिक की क्रायो-ईएम? सोलापुरातून ठरवणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला लाळ्या-खुरकूत सांगावा लागत नाही. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा, आटलेलं दूध. दख्खनी मेंढ्या राखणाऱ्यांना निळी जीभ हा मेंढ्यांचा रोगही ठाऊक असतो. अशा घरातून आलेली मुलं सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतात आणि विचारतात, ‘विषाणूच्या कवचावर पीएचडी करायची आहे. क्ष-किरण स्फटिकशास्त्र शिकू की क्रायो-ईएम, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पाहणं?’

आधी कवच म्हणजे काय ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. लाळ्या-खुरकूतचा विषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा. चार प्रथिनांच्या प्रत्येकी ६० प्रती मिळून त्याचं कवच होतं. त्यात पाच-पाच घटकांची १२ पंचकं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि हा चिकटवा फार कच्चा असतो. थोडी आम्लता वाढली किंवा उष्णता लागली की पंचकं सुटी होतात. सुट्या पंचकांची लस टोचली तर जनावराला पुरेसं संरक्षण मिळत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा बर्फाची पेटी घेऊन वाडीवस्तीवर फिरणारा पशुधन पर्यवेक्षक खरं तर हे कवच शाबूत ठेवायला धडपडत असतो. मला हा विषय जवळचा वाटतो तो यासाठी.

स्फटिकाची वाट जुनी आणि भरवशाची. सोलापुरी चादरीवर एकच नक्षी ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येते, तसे स्फटिकात लाखो विषाणू एकाच दिशेनं, एकाच अंतरावर रचलेले असतात. त्यांवर क्ष-किरण सोडले की विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढता येतात. १९७८ मध्ये स्टीफन हॅरिसन यांच्या गटानं टोमॅटोवरच्या एका विषाणूचं कवच असं उलगडलं. १९८५ मध्ये सर्दीचा आणि पोलिओचा विषाणू झाला, आणि १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं लाळ्या-खुरकूतचा. प्राण्यांच्या विषाणूंचं कवच असं अणूंपर्यंत दिसू लागलं ते या पद्धतीमुळे. तरी त्या रचनेत एक जागा रिकामी राहिली. त्या चारांपैकी व्हीपी१ या प्रथिनाच्या साखळीचा बाहेर डोकावणारा फास, ज्याला प्रतिपिंडं चिकटतात आणि ज्याच्या जोरावर विषाणू पेशीला धरतो, नेमका तोच धूसर आला. तो सतत हलता असतो. १९९३ मध्ये एक डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला दुवा) तोडून त्याला स्थिर केलं, तेव्हा तो दिसला. स्फटिकात जे हलतं ते पुसलं जातं, हे अर्ज भरण्याआधीच लक्षात घ्या.

दुसरी अडचण म्हणजे स्फटिकच न होणं. मिलिग्रॅमच्या हिशेबात शुद्ध विषाणू लागतो, शेकडो द्रावणं करून पाहावी लागतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी हाती काहीच नाही असंही होतं. स्फटिक झालाच तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिन स्फटिकांसाठी वेगळी किरणरेषा आहे.

क्रायो-ईएममध्ये स्फटिकाची गरजच पडत नाही. नमुन्याचा तीनेक मायक्रोलिटरचा थेंब बारीक जाळीवर घ्यायचा, टिपकागदानं जादा पाणी शोषायचं आणि जाळी द्रव इथेनमध्ये झटकन बुडवायची. पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं गोठतं आणि विषाणू जसा होता तसा अडकतो. ही युक्ती ज्याक दुबोशे यांच्या गटानं १९८४ मध्ये विषाणूंवरच दाखवली. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना योआकिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत मिळालं. कवचवाल्यांना इथे एक मोठा फायदा आहे. कवचात ६० पट सममिती असल्यामुळे एका कणाच्या चित्रातून एकाच घटकाची ६० दर्शनं मिळतात. हजार कण म्हणजे साठ हजार.

निळ्या जिभेच्या विषाणूत हा फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. १९९८ मध्ये स्फटिकातून त्याचा गाभा अणूंपर्यंत कळला. एवढ्या मोठ्या रचनेसाठी ते थक्क करणारं काम होतं, पण तो फक्त गाभाच होता. बाहेरचा थर, ज्यानं विषाणू मेंढीच्या पेशीत शिरतो, त्यात नव्हता. तो थर जागेवर असलेला अख्खा कण पॉली रॉय आणि हाँग झोऊ यांच्या गटांनी २०१० मध्ये क्रायो-ईएमनं दाखवला आणि २०१६ मध्ये अणूंच्या पातळीवर नेला. आम्लता वाढली की बाहेरची प्रथिनं कशी हलतात, हे त्यातून कळलं.

तरी क्रायो-ईएमला डोळे झाकून हो म्हणू नका. नाजूक कवच गोठवताना हवा आणि पाण्याच्या सीमेवर फुटतं, आणि लाळ्या-खुरकूतचं नाजूकच आहे. शिवाय ६० पट सरासरी काढली की जे ही सममिती पाळत नाही, जसं आतलं जनुकद्रव्य, ते विरून जातं. चांगली यंत्रं अतिशय महाग आणि मोजक्याच ठिकाणी आहेत. त्यांतलं एक राष्ट्रीय केंद्र बंगळुरूला आहे, म्हणजे आपल्याला उद्यान एक्सप्रेसनं एका गाडीत जाता येतं.

सर्दी-तापासारखे आजार देणारा अॅडेनोव्हायरस २०१० मध्ये दोन्ही पद्धतींनी उलगडला आणि दोन्ही निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. स्पष्टता जवळपास सारखी, ३.५ आणि ३.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पण कवच सांधणारी छोटी प्रथिनं नेमकी कुठे बसतात यावर दोघांचं जमलं नाही आणि वाद पुढे काही वर्षं चालला. नकाशा मिळाला तरी तो वाचणं उरतंच, आणि ते दोन्हीकडे सारखंच अवघड.

लम्पीचा विचार करत असाल तर थोडक्यात सांगतो. तो देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला, विटेच्या आकाराचा मोठा विषाणू. त्याचा स्फटिक होणार नाही आणि ६० पट सममितीही नाही. अख्ख्या कणासाठी क्रायो-टोमोग्राफीकडे, म्हणजे एकच गोठवलेला कण वेगवेगळ्या कोनांतून टिपण्याकडे, वळावं लागेल.

माझं मत सांगतो. अख्खं कवच, त्याला चिकटलेलं प्रतिपिंड किंवा आम्लात होणारे बदल पाहायचे असतील तर क्रायो-ईएम घ्या. कवचातलं एखादं सुटं प्रथिन किंवा त्यात बसणारा औषधाचा रेणू पाहायचा असेल तर स्फटिक अजूनही सरस आहे. उष्णतेत टिकणारं कवच घडवायचं असेल तर दोन्ही लागतील. २०१५ मध्ये पंचकांच्या सीमेवरची अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) बदलून लाळ्या-खुरकूतचं कवच बळकट केलं गेलं, तेव्हाही दोन्ही वापरल्या होत्या. आपल्या उन्हाळ्यासाठी मला तोच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

जिवंत लाळ्या-खुरकूत मात्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, येऊही नये. त्यासाठी भुवनेश्वरजवळच्या राष्ट्रीय संस्थेसारखी बंदिस्त व्यवस्था लागते. प्रबंधासाठी जनुकद्रव्य नसलेली रिकामी कवचं घ्या. कुत्र्यांच्या पार्व्होव्हायरसचं व्हीपी२ प्रथिन पेशींत तयार केलं की आपोआप ६० प्रतींचं गोल कवच बांधतं आणि त्यानं कुणाला रोग होत नाही.

प्रवेश मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. एम्पायर या खुल्या संग्रहात विषाणूंची कच्ची क्रायो-ईएम चित्रं आहेत आणि ती हाताळणारं रिलायॉन हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याला ग्राफिक्स कार्डाचा संगणक लागतो, तो महाविद्यालयात मागा. घरच्या लॅपटॉपवर रचना दाखवणारं कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर टाका, प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहातून १बीबीटी ही लाळ्या-खुरकूतची १९८९ ची रचना उतरवा आणि एका घटकावरून साठ प्रती मांडून अख्खं कवच उभं करा. मग दोन पंचकांच्या सीमेवरचे हिस्टिडिन (एक अमिनो आम्ल) शोधून वेगळ्या रंगात दाखवा. आम्लात त्यांच्यावर धनभार चढतो, ते एकमेकांना ढकलतात आणि कवच तिथूनच सुटतं.