लातूरमधील इंग्रजी व्याकरणाचा वर्ग : शब्दांच्या जातींपुरता अभिप्राय

लातूरच्या ट्यूशन एरियात सरळसेवा भरतीची तयारी करून घेणारे वर्ग पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका वर्गातील इंग्रजी व्याकरणाची बॅच मी नुकतीच पूर्ण केली असून, येथे केवळ शब्दांच्या जाती, म्हणजे पार्ट्स ऑफ स्पीच, या घटकाविषयी लिहीत आहे. कारण शिकवण्यातले खरे कसब तिथेच दिसले. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, आणि औसा, निलंगा, रेणापूरकडून एसटीने येणाऱ्या, मराठी शाळांत शिकलेल्या मुलामुलींची गाडी बहुधा इंग्रजीवरच अडते.

आठ जातींच्या व्याख्या येथे पहिल्याच तासात उरकतात. त्यानंतर सर फळ्यावर 'फास्ट' हा एकच शब्द चार वाक्यांत लिहितात : 'धिस इज अ फास्ट ट्रेन', 'द ट्रेन रन्स फास्ट', 'दे फास्ट ऑन एकादशी' आणि 'शी ब्रोक हर फास्ट'. जात सांगून भागत नाही. ती वाक्यातूनच सिद्ध करावी लागते. पहिल्या वाक्यात 'गाडी कशी?' याचे उत्तर मिळते म्हणून ते विशेषण, तर दुसऱ्यात 'कशी धावते?' याचे उत्तर मिळते म्हणून क्रियाविशेषण. तिसऱ्या वाक्यातील कर्ता एकवचनी केला की 'फास्ट्स' असे रूप होते, म्हणून ते क्रियापद; आणि चौथ्यात मागे 'हर' आहे, म्हणून नाम. शब्दाची जात शब्दकोशात नव्हे, वाक्यातील कामात शोधायची, ही सवय या पद्धतीने खरोखर अंगवळणी पडते.

'आफ्टर'सारखे शब्दही असेच सोडवून घेतले जातात. 'आफ्टर लंच' मध्ये पुढे नुसते नाम आहे, म्हणून शब्दयोगी अव्यय. 'आफ्टर ही लेफ्ट' मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही आहेत, म्हणून उभयान्वयी. शेवटी 'एल-वाय' दिसला की क्रियाविशेषण मानण्याच्या घाईला 'फ्रेंडली' आणि 'लवली' ही विशेषणे दाखवून वेळीच आवर घातला जातो.

सराव-पुस्तिकेबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. 'माय बुक' मधील 'माय' एका संचात विशेषण, तर दुसऱ्या संचात सर्वनाम ठरवले आहे, आणि उत्तरसूचीत केवळ पर्यायाचे अक्षर छापलेले आहे. जुनी व्याकरणे अशा शब्दांना विशेषण मानतात, तर आधुनिक व्याकरण 'माय', 'धिस', 'द' यांना 'डिटरमायनर' या वेगळ्या गटात ठेवते. ही दोन वाक्ये पुस्तिकेत असती, तरी गोंधळ टळला असता. विचारल्यावर सर समजावतात, हे खरे. परंतु बॅच इतकी मोठी आहे की मागच्या बाकांवरून विचारणेच कठीण, आणि तिथून फळ्याचा खालचा भागही दिसत नाही.

ज्यांचा पाया कच्चा आहे आणि ज्यांना रोज लवकर येऊन पुढे बसणे शक्य आहे, त्यांनी हा वर्ग अवश्य लावावा. केवळ पुस्तिका विकत घेऊन घरी अभ्यास करण्याचा विचार असेल, तर स्पष्टीकरणासह सुधारित आवृत्ती निघेपर्यंत थांबावे. पुढील बॅचच्या आधी ती काढावी, अशी संचालकांना विनंती आहे.