मोठा टॅको, कंपनीचा मीटर की नुसता दिवा? क्वार्टर माइलसाठी काय लावावं

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग रेसला (सरळ पट्टीवरची शर्यत) पहिल्यांदा नाव घातलं, की गॅरेजमधला कुणी ना कुणी सुचवतोच: आधी मोठा टॅको (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा मीटर) लाव, कंपनीचा मीटर खोटं बोलतो. ते अर्धं खरं आहे. पण ते खोटं ४०२ मीटरमध्ये, म्हणजे क्वार्टर माइलमध्ये, किती महागात पडतं हे आधी मोजा, मग पाकीट काढा.

एका साध्या हॅचबॅकचा हिशेब करू. पेट्रोल, टर्बो नाही, ८५ पीएस. सर्वाधिक ताकद ६५०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या), लिमिटर, म्हणजे इंजिनाला त्यापुढे चढू न देणारी हद्द, ६९०० ला. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.९०, तिसऱ्याचं १.३०. ६८०० ला तिसरा टाकला की इंजिन ४६५० च्या आसपास उतरतं. समजा ६८०० ला टॉर्क (फिरवण्याचा जोर) ८५ न्यूटन मीटर आहे आणि ४६५० ला ११०. वरवर बघितलं तर खाली उतरण्यातच फायदा दिसतो. पण गिअरने गुणून बघा: दुसऱ्यात १६१, तिसऱ्यात १४३. म्हणजे ताकदीचं शिखर ओलांडून ३०० आरपीएम पुढे गेलो तरी दुसरा गिअरच जास्त ओढतोय. अशा लांब टप्प्याच्या गिअरबॉक्सवर लिमिटरच्या उंबरठ्यापर्यंत धरून ठेवायचं. सहा गिअरच्या बाइकवर पाचवा-सहावा एकमेकांना चिकटून असतात, तिथे जरा आधी टाकला तरी चालतो. टर्बो डिझेलचा टॉर्क वरच्या आरपीएमला कोसळतो, तिथे रेडलाइनपर्यंत (मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत) ताणलं तर नुसता आवाज मिळतो.

आता मीटरच्या चुकीमुळे तुम्ही १०० आरपीएम लवकर गिअर टाकला असं धरू. दुसऱ्या गिअरमध्ये अशी गाडी सेकंदाला साधारण ६०० आरपीएम चढते. म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागापुरता ११-१२ टक्के जोर कमी. शेवटच्या रेषेवर त्याचा फरक एखाद्या शतांश सेकंदाचा. ३०० ने चुकलात तरी तीन-चार शतांश. उलट उशीर करून लिमिटरवर आपटलात आणि ०.३ सेकंद तिथेच धडधडत राहिलात, तर सव्वा ते दीड दशांश जातो. १०० आरपीएम लवकर टाकल्याच्या दहापटीहून जास्त. लवकरची चूक स्वस्त, उशिराची महाग. आणि कंपनीचे काटे चुकले तर बहुधा जास्त दाखवण्याच्या बाजूलाच चुकतात. त्यामुळे ‘खोटं बोलतो’ या तक्रारीतली निम्मी हवा इथेच जाते.

मग कंपनीच्या मीटरमध्ये खोट कुठे आहे? आकड्यात नाही, वेळेत आहे. आजच्या गाडीत आरपीएम क्रँक सेन्सरवरून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळतो आणि तो आकडा चोख असतो. पण काटा थरथरू नये म्हणून त्याची चाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. तिसऱ्या गिअरमध्ये सेकंदाला २०० आरपीएम चढताना हे जाणवतही नाही. पहिल्यात इंजिन सेकंदाला २००० ने पळतं, काटा ०.१ सेकंद मागे असेल तर २०० आरपीएम मागे. हलक्या बाइकवर हा वेग आणखी दुप्पट-तिप्पट धरा, आणि बाइकच्या डिजिटल मीटरवरच्या पट्ट्या एकेक करून उड्या मारत पेटतात ते वेगळंच.

बाहेरून लावायचा पाच इंची टॅको ही अमेरिकेची देणगी. तिथे ड्रॅग रेसिंगचा सगळा संसार आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनांवर उभा राहिला. पॉन्टिअ‍ॅकने १९६७ मध्ये टॅको थेट बॉनेटवर बसवायला सुरुवात केली, कारण डोळे रस्त्यावर ठेवून काटा दिसायला हवा होता. ऑटोमीटर कंपनीचे मोठे टॅको त्याच परंपरेतले. चांगल्या प्रतीचा असेल तर काटा खरोखर चपळ असतो, सोबत शिफ्ट लाइट (ठरवलेल्या आरपीएमला पेटून गिअर टाकायची खूण देणारा दिवा) येतो, काहींमध्ये अख्खी रन पुन्हा बघता येते. पण ते स्पार्कचे पल्स मोजतात: व्ही-८ च्या (स्पार्कला वीज देणाऱ्या) कॉइलवरून एका फेरीत ४, चार सिलिंडरवरून २. टॅकोमागचा सिलिंडर निवडायचा स्विच चुकीच्या जागी राहिला तर आकडा थेट निम्मा किंवा दुप्पट. शिवाय आताच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते, सगळ्यांची मिळून एक वायर मिळत नाही, त्यासाठी अ‍ॅडॅप्टर लागतो. एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक बाइकवर तर आणखी गंमत. दोन फेऱ्यांत एकच स्पार्क धरला तर ६००० आरपीएमला सेकंदाला ५० स्पार्क होतात. स्वस्त टॅको ०.१ सेकंदात आलेले पल्स नुसते मोजत असेल, तर त्याच्या हाती पडतात ५, आणि एक पल्स इकडेतिकडे म्हणजे १२०० आरपीएमचा फरक. दोन पल्समधला वेळ मोजणारा टॅको हवा. बाजारातल्या चकचकीत नकलांच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं.

मीही एकदा असा टॅको लावला होता. दिवा ६७०० ला बांधला, सगळ्या गिअरसाठी एकच. दुसऱ्या गिअरमध्ये झकास. पहिल्यात दर वेळी लिमिटर. दिवसभर मी टॅकोला शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी कागदावर मांडलं तेव्हा कळलं की चूक त्याची नव्हतीच. दिवा दिसून हात हलेपर्यंत माझे ०.२ सेकंद जातात. पहिल्या गिअरमध्ये तेवढ्यात ४०० आरपीएम निघून जातात. ६७०० अधिक ४०० म्हणजे ७१००, आणि लिमिटर ६९०० ला. पहिल्यासाठी दिवा ६४०० ला हवा होता, दुसऱ्यासाठी ६७०० ठीक.

म्हणून माझा कौल गिअरगणिक वेगळा आरपीएम बांधता येईल अशा, ईसीयूवरून चालणाऱ्या शिफ्ट लाइटला. काटा नसला तरी बिघडत नाही, रन चालू असताना काटा वाचायला सवड कुणाला असते! व्यावसायिक पातळीवर तर हद्दच बांधून दिलेली आहे: एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या प्रो स्टॉक गटात २०१६ पासून फ्युएल इंजेक्शन आणि १०,५०० आरपीएमची मर्यादा सक्तीची आहे. ३९० ड्यूकसारख्या बाइकच्या मीटरमध्ये शिफ्ट लाइटचा आरपीएम बदलायची सोय कंपनीनेच दिली आहे. ती असेल तर पहिल्या गिअरच्या हिशेबाने बांधा आणि बाकीच्या गिअरमध्ये दिव्यानंतर क्षणभर थांबायची सवय लावा. एक पैसा खर्च नाही.

ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात लावायचा) ब्लूटूथ डोंगल आणि फोन हा स्वस्तातला मोह. ओबीडीवरून येणारा आकडा पाव आरपीएमपर्यंत बारीक असतो, पण स्वस्त डोंगल तो सेकंदाला जेमतेम चार-पाच वेळा देतो. पहिल्या गिअरमध्ये दोन आकड्यांच्या मध्ये ४०० आरपीएम उडून जातात. रन चालू असताना याच्याकडे बघू नका. घरी बसून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा आलेख बघायला मात्र तो पुरेसा आहे. सोबत सेकंदाला १० किंवा अधिक नोंदी घेणारा जीपीएस लॉगर असेल तर दिवा ६५०० ला आणि ६८०० ला ठेवून तीन-तीन रन करा; कोणता आकडा तुमच्या गाडीला मानवतो ते वेळच सांगेल. एकेका रनवर निकाल लावू नका, सुटण्यातला फरक गिअरच्या फरकापेक्षा मोठा असतो.

मोठ्या टॅकोला मी होकार देईन तो जुन्या गाडीवर, जिथे ईसीयूच नाही. आरएक्स १०० घेऊन उतरणाऱ्यांना दुसरा मार्ग नाही. तो घेतलात तर बसवल्यावर एकदा तपासा. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आरएक्सच्या मॅग्नेटोचं कव्हर काढून फ्लायव्हीलवर खडूची एक रेघ मारा, अंधाऱ्या शेडमध्ये फक्त ती ट्यूब लावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्याला रेव्ह करायला सांगा. ३००० ला समोरासमोर दोन रेघा थांबलेल्या दिसतात, ६००० ला एकच. रेघा पुसट दिसतील, पण थांबलेल्या ओळखू येतात. ग्रिडची वारंवारता बहुतेक वेळ ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये असते, म्हणजे ६००० ला १०-१२ आरपीएमची चूक. एलईडी लावून हे जमणार नाही. बाह्या दुमडा, ओढणी-मफलर दूर ठेवा, आणि थांबलेलं दिसतंय म्हणून चाकाला बोट लावू नका.