केबल बदलल्याचं बिल, गाडीत मात्र जुनीच केबल

हँडब्रेक सैल झाला की मुंबईतल्या बऱ्याच गॅरेजांत निदान ठरलेलं असतं: "साहेब, केबल गेली." पश्चिम उपनगरातल्या एका गॅरेजने एवढ्या भांडवलावर एका जुन्या हॅचबॅकच्या मालकाकडून मागच्या दोन्ही केबल, ब्रेक शूचा (ड्रमला आतून दाबून चाक अडवणाऱ्या पट्ट्यांचा) सेट आणि वर मजुरी वसूल केली. हँडब्रेक पुन्हा सैल पडला तेव्हा दुसरीकडे मागच्या चाकांचे ड्रम (ज्यांत शू बसतात त्या गोल डब्या) उघडले. शू जुने, केबल जुन्या. लिव्हरखालचा केबल ताणणारा नट तेवढा आवळलेला होता. दहा मिनिटांचं काम.

ही चलाखी खपते, कारण नट आवळला की हँडब्रेक लगेच कडक लागतो. मालक लिव्हर ओढून बघतो आणि पैसे देऊन निघतो.

छोट्या गाड्यांत हँडब्रेक सहसा केबलने मागच्या ड्रममधले शू दाबतो. शूवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत सेल्फ-अ‍ॅडजस्टर असतो. तुंबलेल्या पाण्यातून दोन पावसाळे गाडी हाकली की तो गंजून जाम होतो आणि लिव्हर दरवेळी आणखी वर येऊ लागतो. म्हणजे सैल हँडब्रेकचं मूळ बहुतेकदा ड्रममध्ये असतं. केबल थोडीफार ताणते, नाही असं नाही. पण ती खरी जाते तेव्हा आवरण फाटून आत पाणी शिरलेलं असतं आणि लक्षण नेमकं उलटं दिसतं: लिव्हर जड लागतो, सोडल्यावरही चाक धरलेलं राहतं.

ड्रम न उघडता नुसता नट आवळला तर शू मागे पूर्ण परतत नाहीत आणि अ‍ॅडजस्टर चालेनासा होतो. शू घासत राहतात, ड्रम तापतो, मायलेज पडतं. आठ-दहा किलोमीटर चालवून मागच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापलेली असेल तर तिथे शू घासतोय.

काम खरंच झालंय का, ते नटच सांगतो. लिव्हरभोवतीचं कव्हर काढा. नव्या केबलवर नट आट्यांच्या टोकाजवळ असतो. जुनीच आवळली असेल तर नटाच्या पुढे लांबलचक आटे मोकळे दिसतात, आणि नट जिथून नुकताच सरकला तेवढा पट्टा चकचकीत, बाकी सगळ्यावर धूळ. मग गाडीखाली टॉर्च मारा. केबलच्या क्लॅम्पच्या बोल्टवर जुना चिखल तसाच असेल तर केबल निघालेलीच नाही, पुढचं बोलणं ऐकूच नका.

घरी करायचं असेल तर क्रम महत्त्वाचा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिला गिअर. मागची बाजू स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. हँडब्रेक सोडा, लिव्हरचा नट पूर्ण सैल करा. चाक काढून ड्रम ओढा. अडला तर बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आलटून पालटून आवळा. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. लायनर मॅन्युअलमधल्या मर्यादेपर्यंत आलं असेल (बऱ्याच गाड्यांत 1 मिमी) तर दोन्ही चाकांचे शू बदला. व्हील सिलिंडरभोवती (पायाचा ब्रेक दाबला की शू ढकलणारा भाग) ओल दिसली तर आधी गळती काढा. ऑइल प्यालेलं लायनर धुऊन सुधारत नाही. अ‍ॅडजस्टर मोकळा करून ड्रम जेमतेम बसेल इतका उघडा, ड्रम चढवा, पायाचा ब्रेक अनेकदा दाबा. लिव्हरच्या नटाला पाना लावायचा तो यानंतर. लिव्हर ओढताना येणारे "कट्" आवाज मोजा. अनेक गाड्यांत पाच ते आठ कट् अशी मर्यादा असते, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली पाहिजेत, ओढल्यावर दोन्ही अडकली पाहिजेत. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर घरी हात लावू नका. तिथे स्कॅनर लागतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाखवूनही हँडब्रेकचं काम काढतात. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. बॉनेट उघडून डबीतली पातळी बघा. पातळी ठीक असेल तर लिव्हरच्या बुडाशी असलेला स्विच तपासा. पावसाळ्यात चार दिवस हँडब्रेक ओढून उभ्या ठेवलेल्या गाडीचे शू गंजाने ड्रमला चिकटतात. त्यालाही "केबल जाम" म्हणतात. पहिला-रिव्हर्स करून अलगद हलवली की बहुतेक वेळा सुटते.

गाडी गॅरेजला देताना खालून फोटो काढा आणि जुन्या केबलवर पक्क्या मार्करने आडवी रेघ मारा. "जुने पार्ट परत हवेत" हे जॉब कार्डवर लिहून घ्या. रेघ नसलेली केबल हातात ठेवली तर ती भंगारातून उचललेली समजा. बिलावर पार्ट नंबर मागा. पैसे देऊन झाल्यावर कळलं तर बिल, जॉब कार्ड आणि नटाचे फोटो सांभाळून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं.