मोबाइलवरचा धडा की खाटेजवळचा?

वृद्धाश्रमात नव्याने लागलेल्या मावशींना काम कसं शिकवायचं? मोबाइलवर व्हिडिओ पाठवून, की जुन्या सिस्टरच्या हाताखाली?

व्हिडिओचा मोठा गुण म्हणजे तो रात्रपाळीलाही हजर असतो. हात धुण्याच्या पायऱ्या, न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं पण फ्रीझरमध्ये नाही, असं ठरीव ज्ञान त्यातून छान पोचतं. मराठीत असेल तर, हं! इंग्रजी व्हिडिओ दाखवून सह्या घेणं म्हणजे नुसते कागद रंगवणं.

पण अंथरुणाला खिळलेल्या आजींना दाबाने जखमा (बेडसोर) होऊ नयेत म्हणून त्यांची कूस बदलणं घ्या. दर दोनेक तासांनी बदला, साधारण ३० अंशांचा कल द्या, इतकं व्हिडिओ सांगतो. प्रत्यक्षात आजी खाली घसरलेल्या असतात. मावशी काखेत हात घालून ओढायला जातात आणि माकडहाडाजवळची कातडी घासते. तेव्हा सिस्टर म्हणते, "मावशी, थांबा, ओढू नका. आडव्या चादरीची ती कड तुम्ही धरा, ही मी धरते. गुडघे वाकवा, आता उचला." टाच अधांतरी राहिली का, हे ती खाली बोट घालून बघते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. ऊब आणि कडकपणा हातालाच लागतो.

सिस्टरही चुकते. लाल झालेली जागा जोरात चोळायची जुनी सवय तीच पुढे देते. तिथे व्हिडिओ बरा. तरी पैसे मोजकेच असतील तर मी आधी सिस्टरच्या जादा तासांचे देईन, टॅब नंतर.