आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गंगापूर रोड, नाशिक
सिन्नरहून आईला घेऊन गंगापूर रोडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर फार चांगले, ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवतात त्या लेन्सचं नीट समजावलं की मोनोफोकल टाकली तर लांबचं स्वच्छ दिसतं पण पोथी वाचायला चष्मा लागतो, मल्टिफोकलने चष्मा बराच कमी होतो पण रात्री लाइटभोवती वलयं दिसू शकतात, सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने येणारा) जास्त असेल तर टोरिक लेन्स. आईला चष्म्याची सवय आहेच म्हणून मोनोफोकल घेतली. काउंटरवर मात्र महागड्या लेन्ससाठी मागेच लागले, ते अजिबात आवडलं नाही, शिवाय शुगर असलेल्या बाईला तीन तास बसवून ठेवलं.

ऑपरेशन फेकोने (बारीक छेदातून मोतीबिंदू मशीनने फोडून ओढून घेतात), नुसते थेंब टाकून भूल, टाका नाही, पाव तासात बाहेर आणि त्याच दिवशी घरी. दोन दिवस डोळ्यात खुपल्यासारखं झालं. थेंब महिनाभर, चोळायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. दुखणं वाढलं किंवा नजर कमी झाली तर लगेच दाखवा, थांबू नका.

आणि कृपया मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका हो, कडक झाला की ऑपरेशन अवघड होतं, आम्ही उगाच वर्ष घालवलं. पट्टी काढल्यावर आई म्हणाली, अरे भिंत पांढरी आहे, मला पिवळीच वाटायची.